आठशे किलोमीटरचा वाद

गोलमामा शाळेत भूगोलात दोनदा नापास झाले होते, आणि तरीही गेली चौतीस वर्षं त्यांच्या हातून दिवसाला सहा पृथ्व्या तयार होत होत्या.

शाळांना लागणारे पृथ्वीगोल बनवणारा तो एक छोटा कारखाना होता आणि मामा तिथे चिकटकाम करत. पुठ्ठ्याचा चेंडू समोर घ्यायचा, संत्र्याच्या फोडीसारखे कापलेले बारा छापील कागद खळ लावून त्यावर एकाला एक लागून बसवायचे, वाळले की वार्निशचा हात द्यायचा, झाली पृथ्वी. त्या कागदांना कारखान्यात फोडीच म्हणत. मामा स्वतः मात्र काडीपहिलवान. नावातला 'गोल' धंद्यावरून आला होता आणि 'मामा' भाचीवरून. धाकटी बहीण आणि तिची मुलगी यांच्याबरोबर ते राहत. बहीण घरी शिवणकाम करी, भाची पार्सलची गाडी चालवी, आणि दोघींची तोंडं दिवसभर चालत असल्यामुळे मामांना स्वतःचं तोंड उघडायची फारशी गरज पडत नसे. स्वभाव इतका बुजरा की दुकानदाराने चुकून दुसऱ्याची पिशवी हातात दिली, तर परत जाऊन सांगण्यापेक्षा ते आहे ते सामान निमूटपणे वापरून टाकत. एकदा त्यांनी महिनाभर तान्ह्या बाळाचा साबण लावला होता.

अशा माणसाच्या आयुष्यात भांडण होणं हाच एक चमत्कार. तोही टपालाने आला.

पत्र पृथ्वीच्या पार पलीकडून आलं होतं. लिहिणाऱ्या बाईंनी पुतण्याला कारखान्याचा गोल घेऊन दिला होता आणि त्याच्याबरोबर बसून दोऱ्याने अंतरं मोजली होती. "महोदय," त्यांनी लिहिलं होतं, "आमच्या विमानतळापासून आपल्या शहराच्या विमानतळापर्यंतचं अंतर आपल्या गोलावर अकरा हजार सहाशे किलोमीटर भरतं. प्रत्यक्षात ते बारा हजार चारशे आहे. मी विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात एकतीस वर्षं हेच काम करते. उरलेले आठशे किलोमीटर कुठे गेले ते कृपया कळवावं."

मालकांनी ते वाचलं, आणि कारखान्यात पुस्तकं वाचणारा एकच माणूस असल्यामुळे मामांच्या हातात ठेवलं.

मामांनी बहिणीच्या डब्यातलं पांढरं रीळ आणलं. दोन्ही विमानतळांवर टाचणी टोचून दोरा ताणला, पट्टीवर धरला. एकोणतीस सेंटिमीटर. सेंटिमीटरला चारशे किलोमीटर. अकरा हजार सहाशे. मग त्यांना वाटलं, आपणच कुठेतरी चुकत असू. आपण नेहमी चुकतोच. म्हणून त्यांनी दुसऱ्या गोलावर मोजलं, तिसऱ्यावर मोजलं, असं करत वाळत ठेवलेल्या सात गोलांवर मोजलं. सातही गोलांनी एकच उत्तर दिलं. सात पृथ्व्या एका बाजूला आणि एक बाई दुसऱ्या बाजूला, असं झाल्यावर मामांच्या अंगात न भूतो असा जोर आला. त्यांनी उत्तर लिहिलं: "बाईसाहेब, आमचे गोल एकमताने अकरा हजार सहाशे म्हणतात. आपली विमानं वाटेत वळसा घेत असावीत."

पत्र पेटीत पडताक्षणी त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते पेटीच्या फटीत हात घालायला लागले. पण हात मनगटापर्यंतच गेला.

'वळसा' हा शब्द बाईंना फार झोंबला. तीन पानी उत्तर आलं. त्यात विमानाचा वेग, धावपट्टीवरची मिनिटं, चढण्या-उतरण्याचा वेळ, सगळं ओळीने मांडलं होतं: एकूण चौदा तास वीस मिनिटं. एकतीस वर्षांत आपल्या खात्याला कुणी वळसेबाज म्हटलेलं नाही, असंही शेवटी होतं. मामांनी रात्रीचं जेवण थंड होऊ दिलं आणि आपला हिशेब मांडला: आपल्या अंतराने तेरा तास पंचवीस मिनिटं होतात, बाकीची पंचावन्न मिनिटं विमान काय करत असतं?

असा तो वाद जुंपला. अकरा महिन्यांत दोघांची मिळून वीस पत्रं झाली. घरात बाईंना 'वेळापत्रकबाई' असं नाव पडलं. बाईंच्या पहिल्या पत्रातला 'महोदय' चौथ्यात 'प्रिय महोदय' झाला आणि आठव्यात नुसता 'अहो महोदय'. किलोमीटर हळूहळू आक्रसत पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत जाऊन बसले, आणि वरच्या जागेत भलतंच काही येऊ लागलं. बाईंनी लिहिलं की त्यांच्या खात्यात भिंतीवर नऊ घड्याळं आहेत आणि कामाचा कंटाळा आला की त्या ज्या शहरात जेवायची वेळ झाली असेल त्या शहराच्या नावाने डबा उघडतात. मामांनी लिहिलं की दोन्ही ध्रुवांवर शेवटी एकेक गोल टिकली लावावी लागते, आणि उत्तर ध्रुवाची टिकली एकदा शिंकेबरोबर उडून मालकांच्या चहात पडली होती. त्यांनी हेही लिहून टाकलं की आपण गावाबाहेर बस डेपोच्या पुढे कधी गेलेलो नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतसुद्धा आपल्याला गरगरतं. हे त्यांनी बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती त्यांना इतकी वर्षं गॅलरीतले कपडे काढायला पाठवत होती.

"दादा, अंतर मोजताय की कमी करताय?" बहिणीने एकदा विचारलं. मामा कानापर्यंत लाल झाले आणि कपडे काढायला गॅलरीत गेले.

मग एकविसावं पत्र आलं. मामांनी ते वाचलं, घडी घातली, उघडलं, परत वाचलं, आणि पहिल्यांदाच ते आपण होऊन भाचीसमोर धरलं, कारण त्यांना ते नीट कळलंय की नाही याची खात्री वाटेना.

बाईंनी लिहिलं होतं: "अहो महोदय, येत्या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. वाद मिटवायचा एकच प्रामाणिक मार्ग दिसतो. मी स्वतः त्या विमानात बसते. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत मोजू. पावणेचौदा तासांच्या आत आले तर तुमची पृथ्वी खरी, आणि मी मुक्काम तुमच्या गावी हलवीन. त्याहून जास्त लागले तर माझी पृथ्वी खरी, आणि तुम्ही माझ्या गावी यायचं. राहायला. मान्य असेल तर कळवा, नसेल तर या पत्राचं उत्तर हरवलं असं मी समजेन."

भाचीने पत्र दोनदा वाचलं. "मामा, ही मागणी आहे."

"कसली?"

"लग्नाची. किलोमीटरमध्ये."

मामांना बसायला स्टूल द्यावं लागलं. बहिणीने मशीन थांबवलं नाही, पण त्या दिवशी ती ज्या कापडावर शिवण मारत होती त्याच्या दोन्ही बाह्या एकमेकींना शिवल्या गेल्या. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली की जायचं झालं तर खुशाल जावं, मशीनला मोठी खोली हवीच आहे. आणि मग बराच वेळ नाक ओढत राहिली आणि वर कापडाच्या धुळीला दोष देत राहिली.

मामांनी उत्तरात एकच शब्द लिहिला: "मान्य." तोही तीन कागद फाडून.

त्यांना जिंकायची खात्री होती. सात गोल पाठीशी होते. जिंकले की बाई इथे, कारखाना इथे, बहीण इथे, आणि विमान नावाच्या प्रकाराशी संबंध नाही. हरले तर? हरण्याचा विचार मनात आला की ते वाळत ठेवलेला एखादा गोल परत मोजायला जात.

तो दिवस उजाडला. बाईंचं विमान तिकडून निघाल्याचा निरोप त्यांच्या खात्यातून भाचीच्या फोनवर आला होता, चाकं सुटल्याच्या मिनिटासकट. दुपारी बाराच्या सुमारास ते इथे उतरायचं होतं. मामांना घरात बसवेना. चौदा तासांपैकी उरलेले तास बहिणीच्या नजरेसमोर काढण्यापेक्षा कामावर गेलेलं बरं, म्हणून ते सकाळी सातलाच कारखान्यात पोचले. बहिणीने आखूड करून दिलेला कोट अंगावर होता, त्यावर त्यांनी कामाचा एप्रन चढवला.

टेबलावर दुरुस्तीला आलेला एक गोल पडला होता. कुठल्याशा शाळेत तो गळक्या नळाखाली राहिला होता आणि मोठ्या समुद्रावरची एक फोड फुगून सुटायला आली होती. मामांनी सवयीने चपटी सुरी घेतली, फोडीच्या कडेखाली सरकवली आणि कागद अलगद उचलला.

खाली आणखी समुद्र होता.

दोन बोटं रुंदीची निळी पट्टी, आणि तिच्या मधोमध मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एका बेटाचं नाव.

मामा सुरी हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांना आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण हात जे रोज करतात ते डोक्याला कोण विचारतो? खळ लागली की कागद फुगतो. प्रत्येक फोड केसभर वाढते, आणि बारावी लावायची वेळ येते तेव्हा तिच्यापुरती जागा उरत नाही. त्यावर उपाय त्यांना पहिल्याच आठवड्यात काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दाखवला होता: सुरुवात मोठ्या समुद्रात करायची, शेवटही तिथेच करायचा, आणि जे काही जास्त होईल ते शेवटच्या फोडीखाली दाबून टाकायचं. निळ्यावर निळं. कुठला देश कापला जात नाही, कुठली राजधानी दडत नाही, कुणाची तक्रार येत नाही. चौतीस वर्षांत एकच तक्रार आली होती, आणि ती करणारी बाई या क्षणी त्याच समुद्रावरून उडत होती.

त्यांनी पट्टी लावली. दोन सेंटिमीटर. दोन गुणिले चारशे.

सात गोल एकमताने बोलले होते यात नवल काय? सातही त्यांनीच चिकटवले होते.

मग कुठूनतरी बारीक खुसखुस सुरू झाली, ती छातीत आली, आणि मामा एकटेच, एप्रनमध्ये, हातात सुरी धरून खदखदून हसायला लागले. साठ हजारांच्या वर पृथ्व्या! शाळाशाळांतून पोरं बोटं फिरवत होती त्या पृथ्व्यांवर, आणि प्रत्येकीवर त्यांनी समुद्राला घडी घालून ठेवली होती, बहीण शर्टाला टीप घालते तशी. आयुष्यभर ते दोन किनारे दाबून दाबून जवळ आणत होते आणि पलीकडच्या काठावर कोण बसलंय याचा पत्ताही नव्हता.

हसणं ऐकून मालक आले. मामांनी त्यांना फोड उचलून दाखवली. मालकांनी खूप वेळ त्या बेटाकडे पाहिलं आणि विचारलं, तिथे कुणी राहतं का.

साडेनऊला भाची पार्सलची गाडी घेऊन दारात आली. बहीण पुढे बसली होती. मामा मागे, एका खोक्यावर, दोन्ही हातांनी दुसरं खोकं धरून. सांगायचं त्यांनी तीनदा ठरवलं. पण भाचीने आधीच सगळं योजून टाकलं होतं: बाईंना कोणती खोली, खिडकी कोणती, सामान कुठे. जिंकल्यातच जमा होतं तिच्या हिशेबी. बहीण तर आज इतकी खुशीत होती की शिट्टी वाजवत होती. मामांनी तोंड उघडलं, गाडी खड्ड्यातून गेली, तोंड मिटलं.

विमानतळावर आगमनाचा मोठा बोर्ड होता. भाची त्याच्यासमोर मान वर करून उभी राहिली आणि एकाएकी तिने मामांचा दंड असा धरला की तो त्यांना दोन दिवस दुखला. विमान उतरलं होतं. वेळेआधी, जवळपास तासभर आधी. तिने फोनवरची वेळ आणि बोर्डावरची वेळ यांची वजाबाकी केली, बोटांवर परत केली, आणि जाहीर केलं की तेरा तास बावीस मिनिटं झालीत. पावणेचौदाच्या आत, चांगली तेवीस मिनिटं राखून. मग तिने तिथल्या तिथे आईला उचलून गरकन फिरवलं, आणि सामानाच्या गाड्या ढकलणारी माणसं वळसा घालून जाऊ लागली.

मामा खांबाला टेकले. जिंकले होते. गोल खोटा होता, अंतर खोटं होतं, आणि ते जिंकले होते. आता काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. न बोलणं तर त्यांना उत्तम जमत असे. आयुष्यभराचा साबणाचा अनुभव होता. हातात आलं आहे ते घ्यायचं आणि घरी जायचं.

काचेची दारं उघडली आणि बाई बाहेर आल्या. बुटक्या, गोल, गोबऱ्या, दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ, आणि मागे माणसाएवढ्या दोन बॅगा. त्यांनी मामांना क्षणात ओळखलं. मामांनी पत्रात स्वतःचं वर्णन "छत्रीसारखा, मिटलेल्या" असं केलं होतं. त्या सरळ समोर येऊन उभ्या राहिल्या आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाल्या, "तेरा तास बावीस मिनिटं. हरले मी."

"नाही," मामा म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं.

"मी हरलो," ते म्हणाले. "बारा हजार चारशेच आहे. तुमचंच बरोबर. उरलेले आठशे माझ्याकडे होते. फोडीखाली." आणि मग अकरा महिन्यांच्या सगळ्या पत्रांत मिळून जेवढं लिहिलं नसेल तेवढं ते एका दमात बोलले. खळ, फुगणारा कागद, उस्ताद, दोन बोटांची पट्टी, मुंगीच्या पायाएवढं बेट. "विमान लवकर कसं आलं ते मला ठाऊक नाही. पण गोल खोटा आहे. मी सकाळपासून जाणतो."

पुन्हा उचललेल्या आईला भाचीने हळूच खाली ठेवलं.

बाईंनी आधी डाव्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग उजव्या, आणि दोन्हींत काही आधार न मिळाल्यासारख्या त्या गुलाबी होत गेल्या.

"आठशे कुठे गेले ते मला खरंच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण लवकर कसं आलं ते मला ठाऊक होतं."

"कसं?"

"पाठीवरचा वारा. या महिन्यात इकडे येणाऱ्या विमानाला असतो. एकतीस वर्षं पाहतेय, तास-पाऊण तास सहज वाचतो. म्हणून तर हाच महिना निवडला."

मामांना कळायला वेळ लागला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम—"

"तिसऱ्या मजल्यावर गरगरणाऱ्या माणसाला समुद्रावरून ओढून नेणार होते का मी? निवृत्तीची तारीखसुद्धा पुढे ढकलून घेतली. साहेबांना सांगितलं, हवेचं कारण आहे."

यापुढे जे झालं ते पाहायला दहा-बारा माणसं थांबली. वेळापत्रकबाई म्हणत होत्या की घड्याळ खरं, पावणेचौदाच्या आत आले, पैज म्हणजे पैज, मी हरले. मामा म्हणत होते की वाद अंतराचा होता, वाऱ्याचा नव्हता, फसवणूक झालेली आहे आणि ती माझी आहे, मी हरलो. बाईंनी वाऱ्याची फसवणूक आपल्या नावावर घेतली. मामांनी साठ हजार पृथ्व्या पुढे केल्या. बाई हटेनात, मामा हटेनात, आणि एकमेकांच्या अंगावर बोटं नाचवता नाचवता दोघांच्याही चेहऱ्यावर असं काही उमटू लागलं की बघणाऱ्यांना आपोआप हसू फुटलं.

"पृथ्वी जिंकायला भांडणारे ऐकले होते," बहीण भाचीला म्हणाली, "हरायला भांडणारे आजच बघतेय. कुणीतरी यांना घरी न्या."

"मला तिकडे यायचंय," मामा म्हणाले.

सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतः. पण शब्द बाहेर पडले होते, आणि त्यांना आढळलं की त्यामागे आणखीही आहेत. "हरलो म्हणून नाही. म्हणजे हरलो तर आहेच. पण चौतीस वर्षं झाकून ठेवलेला समुद्र एकदा उघडा बघायचाय. इथे राहा तुम्ही, महिना, दोन महिने, धाकटीशी भांडून घ्या. मग जाऊ."

"गरगरेल," बाई म्हणाल्या.

"गरगरू दे."

बहिणीने रुमाल काढला. या वेळी धुळीला दोष द्यायला कापड हाताशी नव्हतं, म्हणून तिने सरळ डोळे पुसले आणि म्हणाली की जाल तर परत यायची तारीखही ठरवून जा, नाहीतर खोलीत खरंच मशीन ठेवीन. बाईंनी तिला तिथल्या तिथे तारीख दिली, वारासकट.

मामांना मात्र वेगळंच काही सुचत होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "जाताना किती वेळ लागतो?"

"जाताना वारा समोरून," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांचं तोंडपाठ होतं. "पंधरा तास दहा मिनिटं."

"आणि त्यात आपल्या जागा शेजारी-शेजारी?"

"तशाच घेता येतात."

"मध्ये कुठे उठून जावं लागत नाही? कामाला वगैरे?"

"जाणार कुठे? खाली समुद्र."

पंधरा तास दहा मिनिटं. मामांनी मनातल्या मनात त्या वेळावरून बोट फिरवून पाहिलं आणि त्यांना तो थोडा तोकडा वाटला. ते पुढे झुकले, आणि जगातली सगळ्यात धीट गोष्ट विचारावी तसं, हलक्या आवाजात विचारलं, "याहून लांबचा मार्ग नाही का?"

बाईंनी पर्स उघडली. आत चष्मा होता आणि चष्म्याखाली, निवृत्त झाल्या तरी, वेळापत्रक होतं. त्या पानं उलटत राहिल्या, एका ओळीवर बोट थांबलं.

"एका ठिकाणी थांबून जाणारं आहे," त्या म्हणाल्या. "सरळ वळसा आहे तो. बावीस तास."

"तेच घेऊ," गोलमामा म्हणाले, आणि माणसाएवढ्या दोन बॅगांपैकी मोठी त्यांनी उचलली.